रंग बदलणारी काच : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घरातील काचकामाविषयी लिहिताना मी डायक्रोइक काचेचा, म्हणजे पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलणाऱ्या काचेचा, जेमतेम चार ओळींत उल्लेख केला होता. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नेमक्या त्या चार ओळींविषयी आहेत. त्यांतील सहा प्रश्न येथे निवडले आहेत.

प्रश्न : पुण्यातील एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काचेचे पार्टिशन पाहिले. समोरून ते निळे दिसत होते, बाजूला सरकल्यावर जांभळे झाले आणि त्यातून आरपार पाहिले तर पलीकडचे सारे पिवळसर दिसले. काचविक्रेत्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, की आत रसायन असते आणि ५ वर्षांत ते मरते. हे खरे आहे का? (एक वाचक, सातारा)

नाही. या काचेत रंग बदलणारे रसायन नसते, इतकेच नव्हे तर रंगच नसतो. काचेच्या पृष्ठभागावर निर्वात कक्षात टायटॅनियम आणि सिलिकॉन यांसारख्या मूलद्रव्यांच्या ऑक्साइडांचे अत्यंत पातळ थर एकाआड एक चढवलेले असतात. एकेका थराची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्याही काही अंश इतकीच असते. असे ३० थर दिले तरी एकूण जाडी माणसाच्या केसाच्या साधारण विसाव्या भागाइतकी भरते. प्रत्येक थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून प्रकाशाचा थोडा थोडा अंश परततो. हे परतलेले तरंग एकमेकांत मिसळताना काही रंग परस्परांना बळ देतात, तर काही परस्परांना पुसून टाकतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जे रंग खेळतात, त्यांमागचे कारण हेच आहे. फरक इतकाच, की तवंगाची जाडी कशीही बदलते आणि काचेवरच्या थरांची जाडी मोजून ठरवलेली असते.

साध्या रंगीत काचेत नको असलेले रंग काच शोषून घेते. डायक्रोइक काच जवळजवळ काहीच शोषत नाही, ती प्रकाशाची वाटणी करते. जो रंग परत फिरतो तो आरपार जाणाऱ्या प्रकाशातून वजा होतो, म्हणूनच समोरून निळी दिसणारी काच आरपार पिवळी दिसते. आपण बाजूला सरकलो, की परत फिरणारे रंग निळ्या-जांभळ्या टोकाकडे सरकतात. तिरक्या किरणाला थरातून अधिक अंतर कापावे लागते, तेव्हा रंग उलट तांबड्याकडे सरकायला हवा, असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात तिरपेपणा वाढला, की थराच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या किरणांच्या मार्गांतला फरक कमी होतो. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

पैठणीतल्या धूपछाव रंगाची आठवण येथे येणे साहजिक आहे. तेथेही पदर हलला की रंग बदलतो, परंतु तेथे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो आणि कोनानुसार कधी हा, कधी तो वर दिसतो. ते दोन्ही रंग धाग्यात भरलेले असल्यामुळे उन्हाने विटू शकतात. ऑक्साइडच्या थरांत रंगद्रव्यच नसल्यामुळे विटण्यासारखे काही नसते. मोरपिसातील निळा-हिरवा रंग वर्षानुवर्षे वहीत तसाच राहतो, त्याचे कारणही पिसाच्या सूक्ष्म रचनेत आहे.

विक्रेत्याच्या बोलण्यात एक अंश खरा असू शकतो. बाजारात थर दिलेल्या काचेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, डायक्रोइक फिल्म विकली जाते. दोन प्रकारच्या प्लास्टिकचे शेकडो अतिसूक्ष्म थर एकत्र ताणून ती बनवतात आणि काचेवर चिकटवतात किंवा दोन काचांमध्ये बसवतात. तिचे रंगही याच तत्त्वावर चालतात, पण तिचा गोंद आणि तिच्या कडा यांना आयुष्याची मर्यादा असते. त्या हॉटेलात फिल्म असेल, तर ५ वर्षांनी बिघडेल तो गोंद.

प्रश्न : आमच्या नव्या घराच्या जिन्याला पश्चिमेकडे ४ बाय ८ फुटांची उभी खिडकी आहे. तेथे अशी काच लावली तर संध्याकाळी भिंतीवर रंग पडतील आणि उष्णताही कमी होईल, असे फॅब्रिकेटरने सांगितले आहे. लावावी का? घरात सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. (एक वाचक, नाशिक)

सासूबाईंचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी सहज केला आहे. माझ्या दृष्टीने उत्तराची सुरुवात तेथूनच होते. पश्चिमेचे ऊन संध्याकाळी खाली येते, तेव्हा या काचेतून निघालेले निळे, पिवळे, गुलाबी पट्टे पायऱ्यांवर पडतात आणि सूर्याबरोबर सरकत राहतात. तरुण डोळ्यांना तो सोहळा वाटतो. मोतीबिंदू असलेल्या किंवा नजर कमी झालेल्या व्यक्तीला मात्र पायरीची कड कोणती आणि रंगाची कड कोणती हे कळत नाही. जिना उतरताना ही चूक फार महागात पडते. म्हणून पूर्ण खिडकी या काचेची करू नका.

खिडकीच्या ८ फूट उंचीपैकी खालच्या ५ फुटांत साधी दुधी लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर दाबून बसवलेली) काच घ्यावी आणि वरच्या ३ फुटांत डायक्रोइक काच घ्यावी. वरच्या भागातून येणारे ऊन कोठे पोहोचेल, याचा अंदाज सोपा आहे. सूर्य क्षितिजापासून २५ अंशांवर असताना जमिनीपासून ७ फूट उंचीवरून आत आलेला किरण साधारण १५ फूट दूर जमिनीला टेकतो. जिन्याची रुंदी त्याहून बरीच कमी असल्यामुळे वाटेतच तो समोरच्या भिंतीला भेटतो, आणि आपल्याला रंग हवे आहेत ते तेथेच. ती भिंत पांढरी, गुळगुळीत, पण बिनचकाकीची ठेवावी. तेथे टेक्श्चर, चकचकीत टाइल किंवा वॉलपेपर घेतला, तर रंग त्यात विरून जातील. दुपारी ऊन चढे असताना किरण खाली झुकतात आणि काही पट्टे पायऱ्यांवर येऊ शकतात. खिडकी पश्चिमेची असल्यामुळे तो काळ थोडा असतो, तरीही पायऱ्यांच्या कडांना गडद रंगाची, न घसरणारी पट्टी लावून घ्यावी.

उष्णतेविषयी फॅब्रिकेटरचे म्हणणे मला पटत नाही. सूर्यापासून येणाऱ्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो. सजावटीसाठी बनवलेले डायक्रोइक थर दृश्य रंगांची वाटणी करण्यासाठी असतात, अवरक्त किरण त्यांतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. फॉल्स सीलिंगमध्ये पूर्वी सर्रास बसवले जाणारे छोटे हॅलोजन दिवे आठवून पाहा. त्यांच्या वाटीच्या पाठीवर निळसर-गुलाबी झळाळी असे. तो डायक्रोइक थर प्रकाश पुढे फेकत असे आणि उष्णता मागे जाऊ देत असे. थर कशासाठी बनवला आहे, यावर सारे अवलंबून असते. उष्णता रोखायची असेल तर बाहेरच्या बाजूला लो-ई, म्हणजे उष्णतेचे किरण परत फिरवणाऱ्या, थराची काच असलेले दुहेरी युनिट घ्यावे, त्याच्या आतल्या काचेत डायक्रोइक थर ठेवावा आणि पुरवठादाराकडून सौर उष्णता गुणांकाचा, म्हणजे सूर्याच्या उष्णतेचा किती भाग आत येतो त्याचा, आकडा लेखी घ्यावा. तोंडी ‘गरम होत नाही’ या वाक्याला अर्थ नाही.

वजनाचाही विचार करा. दर मिलिमीटर जाडीला प्रत्येक चौरस मीटरमागे काचेचे वजन अडीच किलो असते. आपल्या खिडकीला ६ अधिक ६ मिलिमीटरची लॅमिनेटेड काच एकसंध घेतली, तर ती साधारण ९० किलोंची होईल. दोन भाग केल्याने बसवणाऱ्यांचेही काम सुकर होईल आणि उद्या एक भाग फुटला तर तेवढाच बदलता येईल. जिन्यालगतची काच सुरक्षा-काचच असली पाहिजे. काचेवर आयएस २५५३ या भारतीय मानकाचा शिक्का आहे का ते पाहा आणि इमारतीतील काचेच्या वापराविषयीची आयएस १६२३१ ही संहिता आपल्या आर्किटेक्टने पाहिली आहे का, हे निःसंकोच विचारा.

काच पसंत करण्याआधी एक फूट चौरस नमुना मागून घ्या आणि त्याच खिडकीत सकाळी ९ वाजता, दुपारी १२ वाजता, संध्याकाळी ५ वाजता आणि रात्री दिवे लावल्यावर धरून पाहा. दुकानातील दिव्यांखाली केलेली निवड घरात हमखास फसते. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले असते आणि तेव्हा ही काच पुष्कळशी मुकी होते, कारण विखुरलेल्या प्रकाशात भिंतीवर रंगांच्या रेखीव आकृती उमटत नाहीत. वर्षातले काही महिने ती शांत राहणार, हे मान्य असेल तरच खर्च करा.

प्रश्न : दुकानाच्या दर्शनी काचेला बाहेरून डायक्रोइक फिल्म लावून घेतली होती. एका पावसाळ्यातच कडा सुटल्या आणि मध्ये फुगे आले. लावणारा म्हणतो, की काच खराब होती. (एक वाचक, ठाणे)

काचेचा दोष असण्याची शक्यता फार थोडी आहे. चिकटवण्याच्या सजावटी डायक्रोइक फिल्म सर्वसाधारणपणे आतल्या पृष्ठभागासाठी बनवलेल्या असतात. बाहेरून लावल्यावर ऊन, पाऊस आणि कोकणपट्टीतील दमट हवा कडेने गोंदात शिरते आणि फिल्म तेथूनच सुटू लागते. बाहेरच्या जागेसाठी फिल्म दोन काचांच्या मध्ये, पीव्हीबी किंवा ईव्हीए या प्लास्टिकच्या थरात बंद केलेली असावी लागते. त्यातही फिल्म काचेच्या कडेपासून थोडी आत थांबवून भोवतीची कड बंद करणे चांगले. काचा बसवताना आंबट वास येणारे सिलिकॉन वापरू देऊ नका, ते लॅमिनेशनच्या थराला अपाय करते. न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन मागावे. आता असलेली फिल्म कोमट साबणपाणी आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढता येईल. पुढच्या वेळी लावणाऱ्याकडून उत्पादकाचे माहितीपत्रक आधी मागा. फिल्म आतून लावायची की बाहेरून, हे त्यावर छापलेले असते.

प्रश्न : दवाखान्यात तपासणीची खोली आणि प्रतीक्षागृह यांच्यामध्ये काच बसवायची आहे. ‘कलर चेंजिंग’ आणि ‘स्मार्ट’ या दोन्ही नावांनी काच दाखवली जाते. दोन्ही एकच का? (एक डॉक्टर, कोल्हापूर)

एकच नव्हेत, आणि या नावांच्या गोंधळातून ग्राहकाचे पुष्कळ नुकसान होते. डायक्रोइक काच स्वतः काहीच करत नाही, आपण हललो किंवा प्रकाश हलला की तिचा रंग बदलतो. उन्हात काळा होणारा चष्मा वेगळा: त्याच्या काचेत चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात आणि अतिनील किरणांनी ते गडद होतात. इलेक्ट्रोक्रोमिक काचेत टंगस्टन ऑक्साइडसारखा थर असतो, त्याला काही व्होल्टचा दाब दिला की काच हळूहळू निळसर गडद होते आणि मोठ्या काचेला त्यासाठी काही मिनिटे लागतात. आपल्याकडे ‘स्मार्ट ग्लास’ म्हणून बहुधा जी विकतात, ती आणखी निराळी. तिच्यात द्रवस्फटिकाचे (लिक्विड क्रिस्टलचे) थेंब असतात, वीज चालू असताना ती पारदर्शक असते आणि बंद केली की दुधी होते. कडेला रंगीत एलईडी पट्टी लावलेली साधी काचही कधी कधी ‘कलर चेंजिंग’ म्हणूनच दाखवली जाते.

आपल्याला आडोसा हवा आहे, तेव्हा द्रवस्फटिकाची काच योग्य ठरेल. वीज गेली तर ती दुधीच राहते, म्हणजे रुग्णाचा आडोसा टिकतो. डायक्रोइक काच मात्र तपासणीच्या खोलीजवळ मुळीच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कावीळ डोळ्यांच्या पिवळेपणावरून, रक्तक्षय फिकेपणावरून आणि प्राणवायूची कमतरता ओठांच्या निळसरपणावरून प्रथम ओळखली जाते, हे आपल्याला मी सांगायला नको. पिवळा किंवा निळा प्रकाश रुग्णाच्या चेहऱ्यावर पडू देणे म्हणजे आपल्याच नजरेवर पडदा ओढणे आहे. हौस असेल तर प्रतीक्षागृहाच्या दूरच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, दोन-तीन लहान तुकडे लावावेत. बाळाला घेऊन ताटकळणाऱ्या आईला त्यांचा उपयोग होतो, हे मी एका दवाखान्यात पाहिले आहे.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या काचेवर प्रबंध करायचा आहे. कोणत्या इमारतींचा अभ्यास करावा? आणि ही काच खरोखर नवी आहे का? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

कल्पना फार जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये लायकर्गसचा चषक म्हणून ओळखला जाणारा, इसवी सनाच्या चौथ्या शतकातील रोमन पेला आहे. समोरून प्रकाश पडला तर तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला तर लाल होतो. त्याच्या काचेत सोने-चांदीचे साधारण ७० नॅनोमीटरचे कण विखुरलेले आहेत. त्यालाही द्विवर्णी काच म्हणतात, परंतु त्याचे रंग धातूच्या कणांमुळे आहेत, थरांमुळे नाहीत. प्रबंधात हे दोन मार्ग पहिल्याच प्रकरणात वेगळे करा. अनेक लेखांत ते एकमेकांत मिसळलेले आढळतात.

इमारतींपैकी सर्वांत आधी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील स्वीनी चॅपेल घ्या. एडवर्ड लाराबी बार्न्स यांच्या या १९८७ मधील वास्तूत जेम्स कार्पेंटर यांनी खिडकीत डायक्रोइक काचेच्या पट्ट्या काटकोनात उभ्या केल्या. प्रार्थनागृहाची भिंत कोरी ठेवलेली आहे. दिवसभर सूर्य फिरतो तसे रंगांचे चौकोन आणि पट्टे त्या भिंतीवर चालत राहतात. काच मोजकी, भिंत मोठी आणि बाकी सारे काम सूर्याचे! या काचेचा याहून समंजस वापर माझ्या माहितीत नाही. त्यामागचा हिशेब समजून घेण्यासाठी कार्डबोर्डची प्रतिकृती करा, ती आपल्या गच्चीवर ठेवा आणि दर तासाला छायाचित्र घ्या. आपल्या अक्षांशावर सूर्य तेथल्याहून फार उंच चढतो. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर असतो आणि त्या वेळी उभ्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरमध्ये मात्र मध्यान्हीही सूर्य जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलवर येतो. या काचेसाठी महाराष्ट्रात दक्षिण दिशा आणि हिवाळा हा जोड मला सर्वांत अनुकूल वाटतो, आणि त्यावर आपल्याकडे पुरेसे काम झालेले नाही.

त्यानंतर नेदरलँड्समधील आल्मेरे येथील ‘ला देफांस’ हे यूएनस्टुडिओ या वास्तुरचना संस्थेचे २००४ मधील कार्यालय-संकुल पाहा. बाहेरून ते रुपेरी आणि संयत आहे. आतल्या चौकांच्या भिंतींवर मात्र काचेत बसवलेल्या बहुरंगी फिल्ममुळे पिवळा, निळा, लाल, जांभळा असे रंग दिवसाच्या वेळेनुसार पालटतात. भव्यपणा रस्त्याकडे न दाखवता चौकासाठी राखून ठेवण्याची ही वृत्ती वाड्यांच्या प्रदेशातील मुलीला परकी वाटणार नाही. आइसलँडच्या राजधानीतील हार्पा सभागृहाच्या २०११ मधील दर्शनी भागातही अशा काही काचा आहेत. तेथे कलाकार ओलाफुर एलियासन यांनी बहुपैलू विटांसारख्या चौकटींत त्या विरळ पेरल्या आहेत. उत्तरेकडचा सूर्य तेथे बराच काळ क्षितिजाजवळ रेंगाळतो, म्हणून ती योजना फुलते. ती जशीच्या तशी नागपूरला उचलून आणली तर फुलणार नाही. याचे कारण सूर्याच्या कोनांचे आकडे देऊन मांडता आले, तर आपल्या प्रबंधाचे एक प्रकरण तेथेच तयार होईल.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात माजघराच्या दारावर रंगीत काचांचे अर्धवर्तुळ आहे. ११ पैकी ४ काचा फुटल्या आहेत. त्या जागी रंग बदलणारी काच बसवली तर वाडा उठून दिसेल, असे मुलाचे म्हणणे आहे. (एक वाचक, वाई)

चिरंजीवांची हौस मला कळते, तरीही मी त्यांना हात जोडून विनंती करीन, की हे करू नका. जुन्या रंगीत काचेत रंग काचेच्या अंगातच असतो. निळी काच कोबाल्टमुळे निळी होते. लाल काच पुष्कळदा बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ थर देऊन केलेली असते. फुटलेल्या तुकड्याची कड पाहिलीत तर हा थर दिसेल. अशी काच कोठूनही पाहिली तरी तिचा रंग तोच राहतो. माजघरातल्या जमिनीवर पडणाऱ्या त्या स्थिर लाल-हिरव्या कवडशांत घरातली मुले खेळली असतील. शेजारी डायक्रोइक काच आली, तर ती बाहेरचा प्रकाश आरशासारखी परत फेकेल. तिच्या झळाळीपुढे उरलेल्या ७ काचा काळवंडलेल्या वाटतील आणि काही दिवसांनी त्याही बदलाव्यात असे घरात कोणाला तरी वाटू लागेल.

फुटलेल्या काचांचे तुकडे टाकले नसतील तर जपून ठेवा, रंग आणि जाडी जुळवण्यासाठी त्यांचाच आधार आहे. पाडकामाचे जुने सामान विकणाऱ्यांकडे जुन्या दारांच्या चौकटींसह रंगीत काचा मिळतात, तेथे चार-दोन फेऱ्या माराव्या लागतील. नेमका रंग मिळाला नाही, तर त्याच्या जवळचा पण किंचित फिका घ्यावा, अधिक गडद घेऊ नये. लाकडी चौकटीतील बारीक पट्ट्या सुताराने न तोडता काढाव्यात. काच पुन्हा सिलिकॉनने न चिकटवता जवसाच्या तेलात मळलेल्या पुट्टीत बसवावी, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगले तरी काचेवर ताण येणार नाही आणि पुढच्या पिढीला ती पुन्हा काढता येईल. चिरंजीवांना रंग बदलणारी काच हवीच असेल, तर परसाकडच्या नव्या न्हाणीघराला दक्षिणेचा झरोका आहे, असे आपणच पत्रात पुढे लिहिले आहे. तेथे एक फूट चौरस तुकडा पुरेसा होईल.